'फॉल्टेड' प्रोसेसर : दोषी की सदोष?

रात्रपाळी :
मंडळी, एक शब्द अडलाय. आमच्याकडे सोलारिसवर, म्हणजे सन कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, चालणारे दोन म्हातारे सर्व्हर अजून तग धरून आहेत, एक सोलारिस ९, दुसरा १०. नव्या पोरांसाठी मराठीत दोन पानी टिपण लिहायला घेतलं. पीएसआरइन्फो ही कमांड दिली की प्रत्येक प्रोसेसरची अवस्था दिसते : ऑनलाइन, ऑफलाइन आणि क्वचित 'फॉल्टेड'. मी लिहिलं 'दोषी प्रोसेसर'. शेजारचा म्हणाला, "याने खून केलाय का कुणाचा?" मग काय लिहू? दोषी, सदोष की सरळ बिघडलेला?

कोशवेडी :
सदोष. व्युत्पत्तीने दोन्हींचा अर्थ 'दोष असलेला' एवढाच, पण वापराने वाटा वेगळ्या झाल्या. माणूस दोषी ठरतो, माल सदोष निघतो.

'बिघडलेला' का नको, तर त्यात काम बंद पडल्याचा वास आहे. तुमचा प्रोसेसर बंद पडलाय की बाजूला बसवलाय?

रात्रपाळी :
बाजूला बसवलाय. चुका फार व्हायला लागल्या म्हणून सिस्टीमनेच त्याला काम देणं थांबवलं. बाकीचे प्रोसेसर गाडा ओढताहेत.

तांब्याची तार :
कोशवेडीताई, थोडा विरोध नोंदवतो. सोलारिस १० मध्ये, म्हणजे २००५ साली, दोष हुडकणारी जी यंत्रणा आली तिची भाषाच कोर्टाची आहे. एफएमएडीएम फॉल्टी ही कमांड द्या : 'सस्पेक्ट', म्हणजे संशयित, आणि त्यापुढे खात्री किती टक्के. संशय खोटा निघाला तर त्या भागाला सोडवायची उपकमांड आहे 'अ‍ॅक्विट', म्हणजे चक्क निर्दोष मुक्तता! दुरुस्त होणाऱ्या एका चुकीवर कुणाला शिक्षाही होत नाही. ठरावीक मुदतीत ठरावीक संख्येच्या वर चुका गेल्या तरच ठपका बसतो. मग 'दोषी' एवढा परका का वाटावा?

कोशवेडी :
हे 'अ‍ॅक्विट' मला नवीन. आवडलं. पण त्याच यंत्रणेतल्या मुख्य कामाला ते 'डायग्नोसिस' म्हणतात ना? म्हणजे अर्धं कोर्ट, अर्धा दवाखाना. दवाखान्याचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. आयुर्वेदात रोग ओळखायच्या पाच खुणा सांगितल्यात : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती. त्यात 'निदान' म्हणजे मूळ कारण. रोग ओळखणे हा अर्थ मराठीत नंतर रुळला. 'पूर्वरूप' म्हणजे रोग अंगावर येण्याआधीची चिन्हं. लॉगमधल्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतल्या, आपोआप दुरुस्त झालेल्या चुका म्हणजे पूर्वरूपच की!

तांब्याची तार :
आणि 'उपशय' म्हणजे उपचार करून बघायचा, उतार पडतो का त्यावरून रोग ओळखायचा, बरोबर? आम्ही दोन प्रोसेसरांच्या जागा अदलाबदल करतो. चूक प्रोसेसरबरोबर नव्या जागी गेली तर प्रोसेसर वाईट, जुन्या जागीच राहिली तर बोर्ड किंवा सॉकेट. शुद्ध उपशय!

जुना खिळा :
वैद्यकी असो की वकिली, एक गोष्ट टिपणात ठळक लिहा. सोलारिस ९ च्या लॉगमध्ये 'मेमरी चूक, डिटेक्टेड बाय सीपीयू १' अशा अर्थाची ओळ येते. नवा पोरगा त्यातलं 'सीपीयू १', म्हणजे प्रोसेसर क्रमांक १, तेवढं वाचतो. अहो, तो फिर्यादी आहे, आरोपी नव्हे! मेमरीतून वाचताना चूक त्याच्या नजरेला पडली, एवढाच त्याचा संबंध. एका ठिकाणी आम्ही असाच प्रोसेसर बदलला, दोन तास सर्व्हर बंद ठेवून. दुसऱ्या दिवशी तोच इशारा हजर. त्याच ओळीत पुढे मेमरी मॉड्यूलचा पत्ता छापलेला होता, वाचला कुणीच नव्हता. म्हणून माझं मत 'सदोष'ला. 'दोषी' म्हटलं की माणूस शिक्षेची घाई करतो.

रात्रपाळी :
हे पटलं. सदोष नक्की. आता पुढची अडचण. ज्या चुका आपोआप दुरुस्त होतात त्यांच्या तीन जाती लॉगमध्ये येतात : इंटरमिटंट, परसिस्टंट, स्टिकी. मी 'अधूनमधूनची', 'कायमची' आणि 'चिकट' असं लिहिलं.

जुना खिळा :
'कायमची' साफ चूक. परसिस्टंट नावाला भुलू नका. तीच जागा पुन्हा वाचली आणि चूक दिसली नाही, ती इंटरमिटंट. पुन्हा वाचूनही दिसली, पण बरोबर मजकूर परत लिहिल्यावर गेली, ती परसिस्टंट. लिहूनही जात नाही, ती स्टिकी. कायमची म्हणायची तर तिसरी.

कोशवेडी :
मग हे कपड्यांचंच झालं. झटकलं की जाते ती धूळ, धुतला की जातो तो डाग, धुऊनही राहतो तो पक्का डाग. 'चिकट' नको, चिकट म्हटलं की गूळ आठवतो. उडती, धुपणारी, पक्की?

तांब्याची तार :
'धुपणारी' म्हटलं की शेताचा बांध डोळ्यासमोर येतो. 'धुतली जाणारी' लिहा, लांब झालं तरी चालेल.

रात्रपाळी :
उडती, धुतली जाणारी, पक्की. लिहून घेतलं. शेवटचं : 'पॅनिक'. सर्व्हरने हाय खाल्ली?

जुना खिळा :
नाही हो. हाय खाल्लेला माणूस खचतो. पॅनिक हा घाबरटपणा नव्हे. दुरुस्त न होणारी चूक सापडली, पुढे गेलो तर खोटा डेटा डिस्कवर लिहिला जाईल, म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जाणूनबुजून थांबतो. सनच्याच अल्ट्रास्पार्क दोन प्रोसेसरच्या बाहेरच्या कॅशला, म्हणजे जवळच्या वेगवान मेमरीला, फक्त पॅरिटी, म्हणजे पडताळणीचा जादा बिट, होती. पॅरिटीला चूक कळते, सुधारता येत नाही. म्हणून तिथे एक बिट उलटला तरी पॅनिक होऊ शकायचं. अल्ट्रास्पार्क तीनमध्ये त्या कॅशला चूक सुधारणारा कोड आला.

कोशवेडी :
मग 'बसकण मारली'. बैल पुढचा खड्डा बघून बसतो तसा.

रात्रपाळी :
मस्त आहे, पण टिपणात 'पॅनिक'च ठेवतो. रात्री दोन वाजता फोनवर पोरं तेच ओरडतात.