उत्तर: पहिला कायदा मार्टिनचाच का?

रिचर्ड मार्टिनने आणलेला १८२२ चा ब्रिटिश कायदा हा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा जगातला पहिला कायदा, असं म्हटलं जातं. थोडी भर घालतो. त्याआधी १६३५ मध्येच आयर्लंडात घोड्याच्या शेपटीला नांगर बांधायला आणि जिवंत मेंढीची लोकर उपटायला कायद्याने बंदी झाली होती. (शेपटीला नांगर! वाचूनच अंगावर काटा येतो.) गंमत म्हणजे १८२२ चा कायदा आणणारा खासदार मार्टिनही आयर्लंडातल्या गॉलवेचाच.

त्याच्या कायद्यात घोडे, गाढवं, गाई, मेंढ्या होत्या; कुत्री-मांजरं नव्हती. शिक्षा पाच पौंडांपर्यंत दंड, तो भरला नाही तर तुरुंग. यादीत 'बैल' होता, पण वळू हा शब्द नव्हता. न्यायालयांनी तेवढंच धरलं आणि वळूवर कुत्री सोडण्याचा खेळ चालू राहिला. तो थांबायला १८३५ चा कायदा यावा लागला.

दंडाचंच बोलायचं तर प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या आपल्या भारतातल्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. तेव्हा पन्नास रुपये म्हणजे रक्कम होती. आज तेवढ्यात दोन वडापाव आणि चहा येतो.