नुसती मंडळं मोजून भागत नाही

मंडळं, क्लब वाढले की हुकूमशाहीची ओढ आपोआप कमी होते, असं म्हणतात; पण हे विधान वायमार काळातल्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर हिटलर सत्तेवर येईपर्यंतच्या, जर्मनीत उलटं पडलं. २२९ शहरांच्या अभ्यासात (२०१७) गायनमंडळं, बोलिंग क्लब, माजी सैनिकांच्या संघटना जिथे दाट, तिथे नाझी पक्षाची सभासदनोंदणी जास्त वेगाने झाली. ओळखीचाच माणूस फॉर्म घेऊन येतो ना! प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यात सरकार त्यातल्या त्यात स्थिर होतं, तिथे हा परिणाम फिका.

मंडळांमुळे लोकांचा एकमेकांवरचा विश्वास वाढतो म्हणतात, पण तो विश्वास मोजतानाही गफलत होते. 'बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो का?' या सर्वेक्षणातल्या प्रश्नातले 'लोक' कोण, हे उत्तर देणाराच ठरवतो. कुणी भावकीपुरतंच धरतो. म्हणून जागतिक मूल्य सर्वेक्षणात (अनेक देशांतल्या लोकांची मतं विचारणारं World Values Survey) कुटुंब, शेजारी, पहिल्यांदाच भेटलेला माणूस, परधर्मीय असं वेगवेगळं विचारतात. शेवटचे दोन आकडे आधी बघा. घरच्यांवर काय, बहुतेक सगळेच विश्वास ठेवतात.