शब्दचर्चा: अ‍ॅनामॉर्फिक भिंग, ‘चेप’ आणि दृश्यकोन

भिंगवेध:
अ‍ॅनामॉर्फिक भिंग, म्हणजे रुंद दृश्य आडवं दाबून सेन्सरवर बसवणारं सिनेमाचं भिंग. त्यावरच्या एका मराठी टिपणात दोन वाक्यं आली आहेत. ‘५० मिमीचं २ पट अ‍ॅनामॉर्फिक म्हणजे २५ मिमी.’ आणि ‘छोट्या सेन्सरवर क्रॉप फॅक्टर लागून दृष्टिक्षेत्र अरुंद होतं.’ शिवाय त्या दाबण्याला, म्हणजे स्क्वीझला, ‘पिळणं’ म्हटलंय. यातलं काय ठेवावं?

उभीचौकट:
‘पिळणं’ नक्कीच काढा. पिळलं की पीळ पडतो. इथे प्रतिमा दोन्ही बाजूंनी आत दाबली जाते. त्याला ‘चेपणं’ हे क्रियापद नेमकं बसतं. २ पट भिंगातून आलेलं वर्तुळ सेन्सरवर उभं अंडाकृती दिसतं, रुंदी उंचीच्या निम्मी. माणसं उंच, किडकिडीत दिसतात. एडिटिंगला रुंदी पुन्हा ताणली की सगळं जागेवर येतं. सेटवर मात्र ‘डीस्क्वीझ’च चालतं, तेही राहू द्या.

‘म्हणजे २५ मिमी’ हे अर्धंच खरं आहे. फिल्मवरची अ‍ॅनामॉर्फिक चौकट सुमारे २२ × १८.६ मिमी धरा. समोर ३ मीटरवर साधं ५० मिमी भिंग १.३२ मीटर रुंद आणि १.१२ मीटर उंच भाग घेतं. २ पट अ‍ॅनामॉर्फिक ५० मिमी २.६४ मीटर रुंद घेतं, पण उंची तीच, १.१२. म्हणून ‘आडव्यात २५, उभ्यात ५०’ असं लिहा. नाहीतर वाचणारा २५ मिमीच्या हिशेबाने फ्रेम लावेल आणि उभ्या माणसाचे पाय कापले जातील.

तीनबाय्दोन:
दुसऱ्या वाक्यात खरी गफलत आहे. क्रॉप फॅक्टर, म्हणजे फुल फ्रेमच्या तुलनेत सेन्सर किती पट छोटा हा आकडा, कर्णावरून काढतात. अ‍ॅनामॉर्फिकमध्ये अंतिम चौकट २.३९:१ ठेवायची असेल, तर कर्ण काहीच सांगत नाही. सेन्सरचं रुंदी-उंचीचं गुणोत्तर गुणिले चेप (भिंग किती पट दाबतं ते), हा आकडा २.३९ पेक्षा मोठा आला तर कडा कापाव्या लागतात, आणि मग दृश्यकोन सेन्सरच्या उंचीवर ठरतो, रुंदीवर नाही.

फुल फ्रेम घ्या, ३६ × २४ मिमी. कॅमेरा १६:९ मोडवर ठेवला की उंची २०.२५ उरते. २ पट भिंगाने चित्र ३.५६:१ होतं, म्हणजे लांबलचक पट्टी. ती २.३९ ला आणायची तर ३६ पैकी २४.२ मिमीच रुंदी कामाला येते, एक तृतीयांश सेन्सर वाया. ५० मिमीला आडवा कोन सुमारे ५२ अंश. तोच कॅमेरा ३:२ च्या पूर्ण उंचीवर चालवला तर सुमारे ६० अंश. सेन्सर तोच, भिंग तेच, फक्त मोड बदलला.

मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या सेन्सरवरही हेच. पूर्ण १७.३ × १३ मिमी वापरलं तर ३४.५ अंश, १६:९ मोडवर २६. म्हणूनच २ पट भिंगासाठी ४:३ मोड शोधतात. १.३३ पट भिंगाला हा प्रश्न नाही: १६:९ ला १.३३ ने गुणलं की २.३६ येतं, म्हणजे पूर्ण रुंदी वापरात राहते आणि तिथे रुंदीचाच हिशेब चालतो.

२ पट भिंगाचा हिशेब करताना जाहिरातीतला सेन्सरचा आकार घेऊ नका. ज्या मोडवर शूट करणार त्याची उंची मिलिमीटरमध्ये काढा, २.३९ ने गुणा, येणारी रुंदी साध्या भिंगाच्या सूत्रात घाला. आणि भिंगाचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे ते सेन्सरवर जेवढ्या गोलात चित्र पाडतं तो गोल, पाहा: वरच्या ३:२ च्या उदाहरणात वापरातल्या भागाचा कर्ण ३७ मिमीच्या वर जातो, तर फिल्मच्या चौकटीचा २९ च्या आत आहे. त्या चौकटीपुरतंच बनवलेलं भिंग लावलं तर कोपरे काळे पडतात.

भिंगवेध:
‘दृष्टिक्षेत्र’ की ‘दृश्यकोन’?

उभीचौकट:
अंशात सांगत असाल तर दृश्यकोन. ‘३ मीटरवर २.६४ मीटर’ असं सांगत असाल तर दृश्यक्षेत्र. ‘दृष्टिक्षेत्र’ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे राहू द्यावं, तिथे त्याला ठरलेला अर्थ आहे.

तीनबाय्दोन:
एक पुरवणी. जुन्या भिंगांमध्ये जवळ फोकस केला की चेप कमी होते. २ ऐवजी १.८ झाली आणि एडिटिंगला २ नेच ताणलं, तर चेहरा सुमारे ११ टक्के रुंद होतो. इंग्रजीत या दोषाला आजाराचंच नाव आहे आणि मराठीतला ‘गालगुंड’ त्याला तंतोतंत बसतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी पॅनाव्हिजनच्या ऑटो पॅनाटार भिंगांनी तो दोष काढला. अशा जुन्या भिंगाचा दृश्यकोन मोजताना मात्र कागदावरचा २ घेऊ नका. जिथे माणूस उभा राहणार तिथे गोल ताटली धरा, सेन्सरवरच्या प्रतिमेत तिची उंची भागिले रुंदी काढा. येईल तीच त्या अंतरावरची चेप.