थेट लिंक असताना मेश मधल्या नोडवरून का जातो?

नवा_हॅम: हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हल्लीच मिळालंय. मित्र आणि मी मिळून २.४ गिगाहर्ट्झवर मेशचे (एकमेकांचा डेटा पुढे पाठवणाऱ्या रेडिओंच्या जाळ्याचे) तीन नोड, म्हणजे रेडिओ केंद्रं, उभे केलेत, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे आणि एक मधल्या टेकडीवर, तिन्हीवर आर्डनचं (AREDN, हॅम मेशसाठीचा प्रकल्प) फर्मवेअर. आमच्या दोघांची थेट लिंक स्टेटस पेजवर दिसते तरी सगळा डेटा टेकडीवरूनच जातो. सरळ रस्ता सोडून वळसा का घेतो तो? आणि वळशात स्पीडही जवळपास अर्धा होतो.

अँटेनावेडा: कारण मेश अंतर बघत नाही, लिंक किती भरवशाची आहे ते बघतो. नोड सारखे एकमेकांना छोटे हॅलो पॅकेट पाठवत असतात आणि त्यातले किती पोचले हे दोन्ही बाजूंनी मोजतात. समजा तुमच्या थेट लिंकवर जाता-येता ६० टक्केच पोचतायत, तर एक पॅकेट नीट पोचवायला सरासरी १ भागिले ०.३६ म्हणजे २.७८ प्रयत्न लागतात. टेकडीवरून दोन्ही टप्पे स्वच्छ असतील तर १ अधिक १, फक्त २. म्हणून वळसाच स्वस्त पडतो, आणि उद्या टेकडीचा नोड बंद पडला तर कुणी काही न करता तो आपोआप थेट लिंकवर येईल, मला तर मेशमधलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

जुना_खरखर: स्पीडचं कारण वेगळं आहे. टेकडीवर रेडिओ एकच, तो एका वेळी ऐकेल नाहीतर बोलेल, त्यामुळे तेच पॅकेट हवेत दोनदा जातं. तिथे दोन रेडिओ लावा, एक २.४ वर आणि एक ५ गिगाहर्ट्झवर, आणि दोघांना इथरनेट केबलने जोडा, म्हणजे एक ऐकतोय तेव्हा दुसरा पुढे पाठवेल. अर्थात मग एका बाजूच्या घरीही ५ चा रेडिओ लागेल.

आणि थेट लिंक ६० वर का अडलीय तेही बघा हं. समोरची अँटेना डोळ्याला दिसली म्हणजे झालं असं नसतं. १० किलोमीटरच्या लिंकला मध्यावर सरळ रेषेभोवती साधारण १० मीटर तरी मोकळं लागतं. माझी एक लिंक हिवाळ्यात झकास चालायची आणि झाडांना पालवी फुटली की ढेपाळायची, दोन महिने मी कनेक्टर बदलत बसलो, शेवटी मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, ३ मीटर वर नेला तेव्हा सुटलं.

नवा_हॅम: मधे झाडं आहेतच! रविवारी मास्ट वाढवतो. पासवर्ड टाकून लिंक एन्क्रिप्ट केली तर चालेल ना?

अँटेनावेडा: नाही, हॅम बँडवर मजकूर लपवणं बहुतेक देशांत नियमाबाहेर आहे. नोडच्या नावात तुमचा कॉलसाइन (लायसन्सवरचं ओळखचिन्ह) मात्र हवाच.