आजीचं गोंदण हातावर हवंय, पण वारी तीन आठवड्यांवर आलीय

सासवडची नात
आजीच्या उजव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. लग्नाआधी जत्रेत गोंदणारणीकडून गोंदवून घेतलेलं. रंग हिरवट पडला होता, रेषा फुटल्या होत्या. ‘दागिने इथंच राहतात गं, गोंदण तेवढं सोबत येतं,’ म्हणायची. फेब्रुवारीत ती गेली. यंदा तिच्या दिंडीत तिच्या जागी मी चालणार आहे, आळंदी ते पंढरपूर. तेच वृंदावन हातावर घेऊन चालावं असं फार मनात आहे. प्रस्थानाला तीन आठवडे उरलेत. तेवढ्यात टॅटू भरून येईल का? आई म्हणते, हळद-खोबरेल लावलं की आठवड्यात बरं होतं.

कोल्हापूरचा टॅटूवाला
ताई, अकरा वर्षं हेच काम करतोय. माझं ऐका, वारीनंतर काढा. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, पण शाई बसते त्याखालच्या थरात आणि तिथलं भरून यायला महिने लागतात. पहिले काही दिवस चिकट पाणी येतं, मग पापुद्रे सुटतात आणि खाज सुटते. खपली ओढली की शाईही निघते, तिथं फिकट ठिपका राहतो. एखादी खपली रेंगाळली आणि तुम्ही दिवेघाटात उन्हापावसात असाल, तर दिवसातून दोनदा स्वच्छ पाण्यानं धुणार कुठं? चंद्रभागेत स्नान तर करणारच. ओल्या टॅटूला नदी, विहीर, तलाव सगळं वर्ज्य.

हळद-खोबरेल नको. बिनवासाच्या सौम्य साबणानं धुवायचं, स्वच्छ कापडानं टिपायचं, पुसायचं नाही. मलम अगदी पातळ. थापलं तर जखम ओली राहते. पूर्ण भरल्यावर मात्र उन्हात जाताना सनस्क्रीन कायम लावा.

आजीच्या रेषा का फुटल्या ते लक्षात घ्या. शाई वर्षांगणिक पसरतेच. मंजिऱ्या बारीक आणि दाटीनं काढल्या तर वीस वर्षांनी एकच डाग दिसेल. मध्ये जागा सोडायला सांगा.

रात्रपाळीची नर्स
हिपॅटायटिस बी ची लस झालीय का? नसेल तर आजच सुरू करा. तीन डोस असतात, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, शाईही छोट्या नव्या टोपणात ओतलेली हवी. लाज वाटून घेऊ नका, मागायचंच. जाताना जेवून जा, आदल्या दिवशी दारू नको. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. नंतर लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला, तर मलमं बदलत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि रक्तदान करत असाल तर टॅटूच्या आधी करून घ्या, नंतर वर्षभर थांबावं लागतं.

सासवडची नात
दोघांचेही मनापासून आभार. आषाढीनंतरच काढते, लस उद्याच घेते. काल रात्री आजीचा भाकरी थापतानाचा फोटो सापडला, हात स्पष्ट दिसतोय. डावीकडे चार मंजिऱ्या आहेत, उजवीकडे तीनच. गोंदणारणीची चूक असेल. चौथी घालून घ्यावी का?

कोल्हापूरचा टॅटूवाला
नका घालू. तीनच ठेवा.