रिकामं सोडलं की जंगल होतं, पण...
वर कुणीतरी म्हटलंय की बंद पडलेल्या मिलची जागा कुंपण घालून नुसती सोडून द्या, निसर्ग बघून घेईल. अर्धं पटलं. बर्लिनला असताना घराजवळ झ्युडगेलेंडं नावाचं पार्क होतं, जुनं रेल्वे यार्ड, १९५२ ला बंद पडलं आणि मग कित्येक वर्षं कुणी फिरकलंच नाही, रुळांमधून बर्चची झाडं उगवली, इंजिन फिरवायची गोल चकती अजून तिथेच गंजत पडलीये. लोकांनी भांडून ते वाचवलं आणि २००० साली साधारण १८ हेक्टरचं पार्क खुलं झालं.

पण तिथे रॉबिनिया नावाचं अमेरिकेतून आलेलं झाड इतकं माजतं की मोकळं गवत गिळून टाकतं (पानं अगदी आपल्या उंदीरमारीच्या झाडासारखी, पुण्याच्या टेकड्यांवर फिरणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतोय ते), आणि गवत गेलं की त्यातले रानमधमाश्या, नाकतोडे पण गेले. म्हणून तिथे झाडोरा काढतात, गवत कापतात, चक्क मेंढ्या चारतात! माणसांनी खाली उतरून तुडवू नये म्हणून आतल्या भागात लोखंडी जाळीचा उंच रस्ता केलाय, त्यावरूनच चालायचं. त्यामुळे कुंपणाच्या खर्चासोबत दरवर्षीच्या मेंढपाळाचा खर्चही धरा.