रॉबेर्तो क्लेमेंटे: ३००० हिट्स, शेवटचं विमान आणि पुरस्कार. आकडे नीट लावून द्याल का?

झुळूक
बेसबॉल जाणणाऱ्यांसाठी प्रश्न. पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाच्या रॉबेर्तो क्लेमेंटेवर मराठीत सविस्तर टिपण करायचं आहे. वाचणारे सगळे क्रिकेटवाले. अडचण अशी की दोन ठिकाणी पाहिलं की दोन आकडे दिसतात. ऑलस्टार (निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड) कुठे १२, कुठे १५. हिट्स बरोब्बर ३००० म्हणतात, तर कुणी म्हणतं त्याहून जास्त. सरासरी .३१७ ही सचिन-गावस्करच्या सरासरीची सवय असलेल्याला कशी सांगायची? शिवाय पहिला करार डॉजर्सशी असताना हा पठ्ठ्या अठरा वर्षं पायरेट्सकडे कसा खेळला? आणि शेवटचा अपघात 'विमानात सामान जास्त भरलं होतं' एवढ्यावर संपवता येतो का, की आणखी काही आहे?

डावखुरा_पुणे
आधी सरासरी. क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याने भागतो. इथे हिट्सना 'ॲट बॅट'ने, म्हणजे हिशेबात धरलेल्या फलंदाजीच्या पाळ्यांनी, भागायचं. क्लेमेंटेच्या ३,००० हिट्स, ९,४५४ ॲट बॅट, उत्तर .३१७. हजारात ३१७ वेळा त्याने चेंडू मारून, विरोधकांच्या चुकीशिवाय, निदान पहिला बेस गाठला. चौथा 'बॉल' पडून फुकट मिळालेला बेस (वॉक), चेंडू अंगावर लागून मिळालेला बेस, दुसऱ्या धावपटूला पुढे सरकवण्यासाठी दिलेला बळी, हे ॲट बॅटमध्ये धरत नाहीत. ही वजाबाकी सांगितली नाही तर वाचक मैदानात आल्याच्या संख्येने भागायला जातो आणि गणित जुळत नाही.

.३०० ओलांडलं की फलंदाज चांगला, आणि ते अठरा हंगामांच्या कारकिर्दीवर टिकवणं दुर्मीळ. याने नॅशनल लीगची (दोन मुख्य लीगपैकी एक) बॅटिंग चॅम्पियनशिप, म्हणजे सर्वात जास्त सरासरीचा मान, चार वेळा घेतली: १९६१ (.३५१), १९६४ (.३३९), १९६५ (.३२९), १९६७ (.३५७). पडताळायचं असेल तर १९६७ घ्या: ५८५ ॲट बॅट, २०९ हिट्स.

ऑलस्टारचा घोळ सोपा आहे. १९५९ ते १९६२ या चार वर्षांत दर हंगामात दोन-दोन ऑलस्टार सामने झाले. क्लेमेंटेची निवड बारा हंगामांत झाली, पण १९६०, ६१ आणि ६२ चे दोन्ही सामने मोजले की पंधरा होतात. 'बारा हंगाम, पंधरा वेळा निवड' असं लिहा, भांडण मिटेल.

फोर्ब्सफिल्ड
हिट्सचं मी सांगतो, कारण इथेच लोक घसरतात. अधिकृत कारकीर्द म्हणजे फक्त नियमित हंगाम. त्यात ३,०००, एक जास्त नाही, एक कमी नाही. पोस्टसीझनच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद मालिकांतल्या, वेगळ्या. त्याच्या दोन वर्ल्ड सिरीजमध्ये (अंतिम मालिका) २१ (१९६० ला ९, १९७१ ला १२) आणि १९७०, ७१, ७२ च्या लीग चॅम्पियनशिप मालिकांत १३, मिळून ३४. कुणी ३,०३४ लिहिलं असेल तर त्याने दोन वह्या एकत्र बांधल्या, एवढंच.

३००० व्या हिटची हकीकत टिपणात जरूर घ्या. १९७२ च्या हंगामात दुखापतींमुळे तो १०२ सामनेच खेळला, ११८ हिट्स. हंगामाआधी २,८८२ होत्या. २८ सप्टेंबरला फिलाडेल्फियात पिचर (चेंडू टाकणारा) स्टीव्ह कार्लटनवर २,९९९ वी. दुसऱ्या रात्री घरच्या मैदानावर न्यूयॉर्क मेट्सचा टॉम सीव्हर पिचर. पहिल्याच इनिंगमध्ये क्लेमेंटेचा मारलेला चेंडू उसळला आणि सेकंड बेसमनच्या हातून सुटला. स्कोअरबोर्डवर हिटची खूण झळकली, लोक उठले, आणि मग स्कोअररने 'एरर' दिली, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक, हिट नाही. त्या रात्री पुढे काहीच मिळालं नाही. ३० सप्टेंबरला थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये चौथ्या इनिंगला जॉन मॅटलॅकवर डबल (दोन बेस मिळवून देणारी हिट). प्रेक्षक साधारण तेरा हजार, म्हणजे स्टेडियम अर्ध्याहून जास्त रिकामं! तीन हजार गाठणारा तो अकरावा.

त्यानंतर ३ ऑक्टोबरला नवव्या इनिंगमध्ये फक्त क्षेत्ररक्षणासाठी उतरला, बॅट हातात घेतलीच नाही. म्हणून नियमित हंगामातली शेवटची हिट तीच राहिली. मात्र 'आयुष्यातली शेवटची हिट' असं लिहू नका. त्यानंतर सिनसिनाटीविरुद्धच्या मालिकेत त्याने चार हिट्स मारल्या आहेत.

होमरन (एकाच फटक्यावर चारही बेस) २४० च का, हा प्रश्न वाचक विचारणारच. फोर्ब्स फिल्ड हे त्याचं १९७० पर्यंतचं घर. तिथे डाव्या-मध्य बाजूची भिंत सर्वात खोल जागी ४५७ फुटांवर. क्लेमेंटे मोठे उंच फटके मारणाऱ्यातला नव्हता, फटी शोधणारा होता. त्याच मोकळ्या जागेमुळे ट्रिपल मात्र १६६ आले. १९५६ च्या जुलैत शिकागो कब्जविरुद्ध बेस भरलेले असताना त्याने मैदानातल्या मैदानात होमरन धावून काढून सामना जिंकून दिला. तिसऱ्या बेसवर त्याला थांबायची खूण होती, तो थांबला नाही.

आणि कृपा करून नुसत्या बॅटवर लिहू नका. राईट फिल्डमधून येणारा त्याचा थ्रो हा निम्मा क्लेमेंटे आहे. १९६१ ते १९७२ सलग बारा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार.

मधुमालती
डॉजर्सचा उलगडा. ब्रुकलिन डॉजर्सने १९५४ साली त्याला १०,००० डॉलर बोनस आणि ५,००० डॉलर पगारावर घेतलं. त्या काळी नियम असा, की ४,००० डॉलरच्या वर बोनस दिलेल्या नवख्याला दोन वर्षं मुख्य संघात ठेवा, नाहीतर हंगामानंतरच्या ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला उचलेल. श्रीमंत संघांनी पोरं विकत घेऊन खालच्या लीगमध्ये साठवून ठेवू नयेत म्हणून ही वेसण होती. डॉजर्सने त्याला खालच्या लीगमधल्या मॉन्ट्रिअल रॉयल्सकडे पाठवलं आणि तिथे कमी खेळवलं. ८७ सामन्यांत जेमतेम १४८ ॲट बॅट. कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून लपवलं, असं बरेच जण म्हणतात. त्यावर वाद आहेत, तुम्ही 'कमी खेळवलं' एवढंच लिहा.

पायरेट्सचा स्काऊट (खेळाडू हेरणारा) क्लाईड सुकफोर्थ तिथे दुसऱ्याच खेळाडूला, जो ब्लॅक नावाच्या पिचरला, बघायला गेला होता. सरावात क्लेमेंटेचे थ्रो पाहिले आणि काम झालं. १९५४ ला पायरेट्स तळाला होते, म्हणून ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्यांची. २२ नोव्हेंबर १९५४, किंमत ४,००० डॉलर. पुढच्या एप्रिलच्या १७ तारखेला त्याचा पहिला सामना झाला, आणि समोर कोण, तर डॉजर्सच.

एक गोष्ट दोन्ही उत्तरांत आली नाही म्हणून जोडते. १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तेव्हा अंत्यसंस्काराआधी खेळायचं नाही, असं पायरेट्सच्या खेळाडूंनी ठरवलं. त्यात क्लेमेंटे पुढे होता. त्यांचा पहिला सामना १० एप्रिलवर गेला. मदतकार्याचा माणूस एकदम १९७२ च्या डिसेंबरात उगवला नाही, हे दाखवायला ही तारीख कामी येईल. ऑफ सीझनमध्ये पोर्तो रिकोत मुलांसाठी तो बेसबॉलची शिबिरंही घ्यायचा.

उड्डाणवेडा
अपघाताचं. 'सामान जास्त' हे खरं आहे, पण अर्धवट.

२३ डिसेंबर १९७२ ला मध्यरात्रीनंतर निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात कोसळली. क्लेमेंटे काही आठवड्यांपूर्वी तिथेच होता, हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत पोर्तो रिकोच्या संघाचा मॅनेजर म्हणून. त्यामुळे ओळखी होत्या. गायिका रूथ फर्नांडेस आणि टीव्हीवरचे लुइस विगोरो यांच्यासोबत त्याने मदत समिती उभी केली. सान हुआनच्या हिराम बिथोर्न स्टेडियमवर माल गोळा होऊ लागला. काही विमानं गेली. मग बातम्या यायला लागल्या की तिथला हुकूमशहा सोमोसाच्या नॅशनल गार्डचे लोक माल मधेच ताब्यात घेतायत, गरजूंपर्यंत पोचत नाही. आपण स्वतः सोबत असलो तर हात लावायची कुणाची छाती होणार नाही, या हिशेबाने तो पुढच्या खेपेत बसला. तो विमानात का होता याचं उत्तर हे आहे. टिपणात 'मदत घेऊन निघाला' एवढंच आलं तर मुख्य मुद्दा सुटतो.

आता विमान. डीसी-७, चार पिस्टन इंजिनांचं जुनं मालवाहू. त्याच महिन्याच्या २ तारखेला जमिनीवर चालवताना ते चरात गेलं होतं, प्रोपेलर वाकले होते. फिरतं प्रोपेलर असं अडकून थांबलं की धक्का आतल्या क्रँकशाफ्टपर्यंत जातो, म्हणून नुसतं प्रोपेलर बदलून भागत नाही, इंजिन उघडून तपासावं लागतं. ती तपासणी हवी तशी झाली नाही. दुसरं, वजन. कमाल मर्यादेपेक्षा सुमारे ४,२०० पौंड, म्हणजे १,९०० किलोच्या आसपास जादा. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, कॉकपिट. वैमानिकाकडे परवाना होता, पण सहवैमानिकाच्या जागी विमानाचा मालक आणि फ्लाईट इंजिनीअरच्या जागी एक मेकॅनिक. दोघेही त्या कामाला पात्र नव्हते. या जातीच्या इंजिनांना टेकऑफला किती दाब द्यायचा हे फ्लाईट इंजिनीअर सेकंदासेकंदाला बघत असतो. जास्त दिला तर सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटून इंजिन मोडतं.

३१ डिसेंबरच्या रात्री साधारण ९:२० ला इस्ला व्हेर्दे विमानतळावरून उड्डाण झालं. क्रमांक २ चं इंजिन गेलं. हलक्या डीसी-७ ने तीन इंजिनांवर वळून परत उतरणं शक्य असतं, पण जादा वजनाने ती सवड आधीच खाऊन टाकली होती. किनाऱ्यापासून दीडेक मैलावर समुद्रात कोसळलं. पाच जण होते, एकही वाचला नाही. क्लेमेंटेचा मृतदेह मिळाला नाही.

झुळूक
हे भारी झालं, सगळ्यांचे आभार. यावर कोर्टात काही झालं का? आणि हॉल ऑफ फेमला (महान खेळाडूंच्या सन्मान-यादीला) निवृत्तीनंतर पाच वर्षांची अट असते ना?

उड्डाणवेडा
झालं. मृतांच्या कुटुंबीयांनी अमेरिकन सरकारवर दावा लावला. भाड्याने फिरणाऱ्या अशा मोठ्या विमानांवर करडी नजर ठेवा, असा एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) दक्षिण विभागाचा लेखी आदेश होता आणि या उड्डाणाआधी कुणी तपासलंच नाही, हा त्यांचा मुद्दा. पोर्तो रिकोतल्या जिल्हा न्यायालयाने १९७६ ला तो मानला. १९७७ ला फर्स्ट सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला: आदेश खात्याच्या अंतर्गत कामकाजाचा, त्यातून प्रवाशांप्रती कायदेशीर कर्तव्य निर्माण होत नाही, सुरक्षेची पहिली जबाबदारी चालवणाऱ्याची. कायद्याने बरोबर असेलही. वाचून समाधान होत नाही.

फोर्ब्सफिल्ड
हॉल ऑफ फेम: अट बाजूला ठेवून बेसबॉल लेखकांचं खास मतदान घेतलं, मार्च १९७३ मध्ये. ४२४ मतपत्रिका, ३९३ बाजूने, म्हणजे ९२.७ टक्के (लागतात ७५). विरोधी मतांपैकी बरीच घाई नको म्हणणाऱ्यांची होती. ६ ऑगस्ट १९७३ ला हॉलच्या गावी, कूपर्सटाऊनला, समावेश, लॅटिन अमेरिकेतला पहिला खेळाडू. पुढे नियमच केला, की खेळाडू वारला तर सहा महिन्यांनी नाव विचारात घेता येईल.

नाव लिहिताना जपा. स्पॅनिश पद्धतीत वडिलांचं आडनाव आधी, आईचं नंतर, म्हणून रॉबेर्तो क्लेमेंटे वॉकर. हॉलच्या फलकावरही ते 'वॉकर क्लेमेंटे' असं उलटं होतं, २००० साली बदललं. टॉप्स कंपनीच्या खेळाडूंच्या फोटो-कार्डांवर कित्येक वर्षं 'बॉब' छापायचे, ते त्याला आवडत नसे. जुन्या कार्डाचा फोटो टाकलात तर खाली खुलासा द्या.

मधुमालती
क्लेमेंटेच्या नावाच्या पुरस्काराबद्दल कुणी बोललं नाही अजून. तो १९७१ ला 'कमिशनर्स ॲवॉर्ड' म्हणून सुरू झाला, पहिला मान विली मेजचा. १९७३ पासून क्लेमेंटेचं नाव. तीसही संघ आपापला एकेक खेळाडू सुचवतात, मग त्यातून एक. नुसता देणगीचा आकडा बघत नाहीत. मैदानावरचा खेळ, वागणूक आणि समाजातलं काम तिन्ही धरतात. अलीकडचे सांगायचे तर २०२१ नेल्सन क्रूझ, २०२२ जस्टिन टर्नर, २०२३ ॲरन जज, २०२४ साल्वादोर पेरेझ.

त्याचा २१ नंबर पायरेट्सने १९७३ लाच निवृत्त केला, म्हणजे पुढे कुणाला द्यायचा नाही. जॅकी रॉबिन्सनच्या ४२ सारखा सगळ्या लीगमधून मात्र केलेला नाही. लोक इथे हमखास गल्लत करतात. १५ सप्टेंबरच्या क्लेमेंटे दिनाला ज्याला हवं तो २१ घालू शकतो. पायरेट्सच्या आताच्या मैदानाची, पीएनसी पार्कची, राईट फिल्डची भिंत २१ फूट उंच आहे ती त्याच्याचसाठी.

त्याचं मोठं स्वप्न म्हणजे गरीब मुलांसाठी क्रीडानगरी. मृत्यूनंतर कारोलिना गावात, जिथे तो जन्मला, सरकारने ३०४ एकर दिले आणि 'सिउदाद देपोर्तिवा' उभी राहिली. रुबेन सिएरा, बेनितो सांतियागो, हुआन गोन्सालेस, इवान रोद्रिगेस असे खेळाडू तिथून गेले. नंतर देखभालीअभावी तिची पडझड झाली. पुतळा आणि भिंतीच्या बरोबरीने तेही लिहा.

डावखुरा_पुणे
एक दुरुस्ती सुचवतो. १९७१ च्या वर्ल्ड सिरीजबद्दल वर फक्त '१२' आलं. ते २९ ॲट बॅटमध्ये १२, म्हणजे .४१४, दोन होमरन, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. १९६० ला न्यूयॉर्क यांकीज आणि १९७१ ला बाल्टिमोर ओरिओल्स, दोन्ही मालिका सात-सात सामन्यांच्या. चौदाही सामन्यांत त्याची निदान एक हिट आहे. टिपणात कोष्टक करणार असाल तर या दोन मालिकांना वेगळी ओळ द्या, नियमित हंगामाच्या बेरजेत घालू नका.